तिसऱ्या दिवशीही ताप उतरला नाही, म्हणजे टायफॉइड ‘रेझिस्टंट’ झाला का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बहिणीचा मुलगा, वय ९, आठवडाभर ताप. गावातल्या डॉक्टरांनी विडाल (टायफॉइडसाठी करतात ती रक्ताची टेस्ट) केली, पॉझिटिव्ह आली, १:१६०. आधी सेफिक्झिम-ओफ्लॉक्सासिनची कॉम्बिनेशन गोळी दोन दिवस, मग बदलून ॲझिथ्रोमायसिन दोन दिवस, मग तालुक्याला ॲडमिट करून सेफ्ट्रियाक्झोनची इंजेक्शनं. आज इंजेक्शनचा तिसरा दिवस आणि ताप अजून १०२ पर्यंत चढतोय. नात्यातलं कुणीतरी म्हणालं हा रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारा, टायफॉइड आहे, मेरोपेनेम हे भारी अँटिबायोटिक लावायला सांगा. तर खरंच तसं असेल का आणि डॉक्टरांकडे आग्रह धरू का, असं तुम्ही विचारलंय.

मी मायक्रोबायॉलॉजिस्ट आहे, म्हणजे रक्ताच्या बाटल्या, कल्चरच्या प्लेटा आणि सेन्सिटिव्हिटीचे (कुठलं औषध जंतूवर चालतं याचे) रिपोर्ट यातच बरीच वर्षं गेलीत. मुलाला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याला तपासणारे डॉक्टर जे सांगतील ते माझ्या वरचं धरा. पण तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून सांगायचं तर आज तरी मेरोपेनेमचा आग्रह धरू नका. आग्रह धरायचाच असेल तर ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्याचा, धरा, कारण तुमच्या अख्ख्या मेसेजमध्ये तो शब्द एकदाही आलेला नाहीये आणि रेझिस्टंट आहे की नाही हे सांगणारी दुसरी कुठलीही गोष्ट नेहमीच्या तपासण्यांमध्ये नाही.

आधी तापाचं बोलू. टायफॉइडला योग्य औषध योग्य डोसमध्ये चालू असलं तरी ताप लगेच उतरत नाही, आणि हे घरच्यांना बहुतेक वेळा कुणी सांगतच नाही. सेफ्ट्रियाक्झोनवर ताप जायला साधारण पाच ते सात दिवस लागतात, ॲझिथ्रोवर थोडे कमी, चार ते सहा. कारण असं की हा जंतू, साल्मोनेला टायफी, रक्तात मोकळा फिरत बसत नाही, तो आपल्याच मॅक्रोफेज पेशींच्या आत, म्हणजे जंतू खायला ठेवलेल्या पेशींच्या पोटातच मुक्काम करतो आणि यकृत, प्लीहा, बोन मॅरो, आतड्यातल्या गाठी इथे दडून बसतो. सेफ्ट्रियाक्झोन रक्तात भरपूर मिळतं पण पेशीच्या आत फारसं शिरत नाही, त्यामुळे जंतू बाहेर येतील तसतसे मरतात. ॲझिथ्रोचं उलटं, रक्तात कमी आणि पेशींत जास्त साठतं. तेव्हा तिसऱ्या दिवशी ताप आहे यावरून औषध फेल गेलं असं म्हणताच येत नाही. बघायचं ते तापाच्या चार्टवर: आधी १०४ जात होता तो १०२ वर आलाय का, दोन चढांमधलं अंतर वाढलंय का, ताप नसतो तेव्हा पोरगं उठून बसतंय का, काही खायला मागतंय का. हे होत असेल तर औषध काम करतंय, फक्त त्याच्या चालीनं.

आता तुमच्या भाच्याचे दिवस मोजून बघा. सेफिक्झिम दोन दिवस, ॲझिथ्रो दोन दिवस, सेफ्ट्रियाक्झोन तीन दिवस. यातल्या एकालाही काम दाखवायला पुरेसा वेळ मिळालेला नाही, आणि घरच्यांच्या डोक्यात मात्र दोन औषधं फेल गेली, तिसरं पण जातंय अशी नोंद झाली. त्यात ती पहिली कॉम्बिनेशन गोळी. त्यातल्या ओफ्लॉक्सासिनचा आपल्याकडच्या टायफॉइडवर आता उपयोग जवळजवळ उरलेला नाही (का ते खाली सांगते), आणि सेफिक्झिम टायफॉइडला नेहमीच्या साधारण दुप्पट डोसनं द्यावं लागतं, तेवढं अशा तयार गोळीतून मुलाला मिळालं असेल का याची मला शंका आहे. म्हणजे नावाला दोन औषधं आणि कामाला कदाचित अर्धंच.

यात गावच्या डॉक्टरांना एकट्याला झोडपण्यात अर्थ नाही. दोन दिवसांत ताप उतरला नाही की पेशंट उठून समोरच्या दवाखान्यात जातो हे त्यांनाही माहीत असतं, मग समोरचा डॉक्टर आधीचं औषध चालू ठेवेल का, तो वेगळं काहीतरी लिहिणारच. गोळ्या बदलत जायचं हे असं दोन्ही बाजूंनी चालतं.

दुसरा मुद्दा जरा अवघड आहे, तो म्हणजे हा टायफॉइड आहे हे ठरवलं कशावरून. फक्त विडालवर ना? विडाल ही टेस्ट १८९६ ची आहे, फर्नांद विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरची, आणि तिच्या काळात ती मोठी गोष्ट होती. पण ती जंतू शोधत नाही, ती जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडी मोजते, आणि आपल्यासारख्या देशात, जिथे लहानपणापासून दूषित पाण्यातून कुठले ना कुठले साल्मोनेला पोटात जातच असतात, तिथे धडधाकट माणसाच्या रक्तातही या अँटिबॉडी सापडतात. भाडेकरू केव्हाच खोली सोडून गेला तरी दारावर त्याच्या नावाची पाटी तशीच राहते ना, तसं. मागे कधीतरी झालेला टायफॉइड, घेतलेली लस, मलेरिया, डेंग्यू, काहीही असलं तरी विडाल थोडीफार उठते. आणि उलट, खराच टायफॉइड असेल तर पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते. पुस्तकाप्रमाणे ती आठ-दहा दिवसांच्या अंतरानं दोनदा करून टायटर, म्हणजे हा अँटिबॉडीचा आकडा, चौपट वाढलाय का बघायचं असतं. दुसऱ्यांदा करणारा डॉक्टर आणि दुसऱ्यांदा पैसे देणारा पेशंट मला तरी क्वचितच भेटलाय. १:१६० हा एकटा आकडा आपल्या भागात फार काही सांगत नाही. पण स्वस्त आहे, तासाभरात रिपोर्ट येतो, ‘पॉझिटिव्ह’ असा छापील शब्द हातात पडतो आणि सगळ्यांचं समाधान होतं, लॅबवाल्याचं सुद्धा. मी स्वतः लॅबवाली असून सांगते, तापात एकट्या विडालवर अँटिबायोटिक सुरू करणं बंद झालं तर आपल्याकडचा निम्मा ‘टायफॉइड’ एका रात्रीत गायब होईल असं मला वाटतं. हा अभ्यासातला आकडा नाही, माझं मत आहे.

अभ्यासातला आकडा हवा असेल तर तोही आहे. २०१७ ते २०२० या काळात देशात टायफॉइडची एक मोठी पाहणी झाली, त्यात मुलांना ताप आला की कल्चर करून खरा टायफॉइड किती निघतो ते मोजलं. दिल्ली, कोलकाता, वेल्लोर अशा शहरी वस्त्यांमध्ये वर्षाला दर लाख मुलांमागे ५७६ ते ११७३ इतक्या केसेस निघाल्या. आणि पुण्याजवळच्या वढू भागात, म्हणजे आपल्या ग्रामीण महाराष्ट्रात, निघाल्या ३५. पस्तीस! एका भागावरून सगळ्या गावांचं ठरवू नये हे खरं, पण खेड्यातल्या मुलाला ताप आणि विडाल पॉझिटिव्ह म्हटल्यावर मला आधी संशय विडालचा येतो.

मग टायफॉइड नसेल तर काय असेल? पावसाळ्याच्या शेवटी शेवटी लांबलेल्या तापात डेंग्यू आणि मलेरिया बघतात सगळेच, राहून जातो तो स्क्रब टायफस. नावात टायफस आहे पण टायफॉइडशी त्याचा काही संबंध नाही, गवता-झुडपातल्या बारीक चिगर माइटच्या चाव्यातून होतो. विदर्भात २०१८ साली नागपूर भागात याच्या बऱ्याच केसेस आल्या होत्या, त्यानंतर आपल्याकडे जरा नाव झालं त्याचं. मुद्दा असा की स्क्रब टायफसवर सेफ्ट्रियाक्झोन चालत नाही, कितीही दिवस दिलं तरी. त्याला डॉक्सिसायक्लिन किंवा ॲझिथ्रो लागतं आणि ती दिली की ताप बहुतेक वेळा दोन दिवसांत खाली येतो. म्हणजे सेफ्ट्रियाक्झोनवर न उतरणारा ताप हा रेझिस्टंट टायफॉइड असण्यापेक्षा मुळात वेगळाच ताप असण्याची शक्यता जास्त. डॉक्टरांना विचारा की काखेत, जांघेत, कानामागे, केसांत काळी खपली धरलेला व्रण शोधलाय का, तो दुखत नाही म्हणून मूल सांगत नाही. कोकणात किंवा मुंबईकडे असता तर लेप्टोस्पायरोसिसचंही म्हटलं असतं.

आता कल्चर. टायफॉइडमध्ये रक्तात जंतू फार थोडे असतात, एक मिलिलिटर रक्तात एखादा, कधी तेवढाही नाही. म्हणून दोन मिलिलिटर रक्त घालून कल्चर निगेटिव्ह आलं तर त्याला फार किंमत नाही, जितकं जास्त रक्त तितकी सापडायची शक्यता. मोठ्या माणसाचं एका बाटलीत आठ-दहा मिलिलिटर घेतात, मुलांचं वजनाप्रमाणे कमी पण जमेल तितकं. सगळं नीट केलं तरी साधारण साठ टक्के केसेसच पकडल्या जातात, आणि आधी अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर आणखी कमी. इथेच खरी गोम आहे. पहिल्या दिवशी, पहिल्या गोळीच्या आधी बाटली भरली असती तर आज तुमच्या हातात रिपोर्ट असता. आता तीन औषधं झाल्यावर शक्यता कमी झालीय, शून्य नाही झाली, म्हणून अजूनही घ्या, पुढच्या इंजेक्शनच्या आधी घ्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घ्या. मशीनमध्ये लावलेली बाटली वाढ असेल तर बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत वाजते, त्यानंतर सेन्सिटिव्हिटीला आणखी एखाद-दोन दिवस. तालुक्याला सोय नसेल तर बाटली जिल्ह्याच्या लॅबला पाठवता येते, फक्त फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेरच ठेवायची असते. हे मुद्दाम लिहितेय कारण नीट बर्फात पॅक करून आणलेल्या ब्लड कल्चरच्या बाटल्या आमच्याकडे नेहमी येतात, बिचाऱ्यांनी किती काळजी घेतलेली असते.

बरं, पण रेझिस्टंट टायफॉइड ही थाप आहे का? अजिबात नाही. उलट अँटिबायोटिक रेझिस्टन्स म्हणजे काय हे समजून घ्यायचं तर टायफॉइडइतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही, एकेक औषध हातातून कसं गेलं हे साल धरून सांगता येतं. १९४८ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल आलं. त्याआधी टायफॉइडची दहा-वीस टक्के माणसं मरायची, ती संख्या टक्क्या-दोन टक्क्यांवर आली. पंचवीस वर्षंही झाली नाहीत तोवर १९७२ मध्ये मेक्सिकोत आणि आपल्याकडे केरळात कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणाऱ्या टायफॉइडच्या साथी आल्या. मग ॲम्पिसिलिन आणि को-ट्रायमॉक्सॅझोल वापरली, ऐंशीच्या दशकाच्या शेवटी तिन्ही एकदम निकामी करणारे जंतू आले. तिन्हींचे रेझिस्टन्स जीन एकाच प्लाझ्मिडवर, म्हणजे मुख्य गुणसूत्राच्या बाहेर असलेल्या डीएनएच्या एका छोट्या कड्यावर बसले होते, आणि हे कडं एका जंतूकडून दुसऱ्याकडे सरळ जाऊ शकतं, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूकडे सुद्धा.

मग आलं सिप्रोफ्लॉक्सासिन. गोळी, स्वस्त, चार दिवसांत ताप खाली, नव्वदच्या दशकात डॉक्टर लोक खूश होते. पण सिप्रो फक्त टायफॉइडला थोडंच वापरलं, जुलाबाला, लघवीच्या इन्फेक्शनला, सर्दीतापाला, दात दुखला तरी, आणि जंतूच्या ‘जायरेज’ नावाच्या एन्झाइममध्ये, जिथे सिप्रो चिकटतं तिथेच, छोटे छोटे बदल झालेले टायफी निवडून निवडून वाढत गेले. आज आपल्याकडच्या टायफीपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त सिप्रो-ओफ्लॉक्सासिनला पूर्ण सेन्सिटिव्ह नाहीत. वर म्हटलं ते ओफ्लॉक्सासिनचं कारण हेच. तरीही सेफिक्झिम-ओफ्लॉक्सासिनच्या गोळ्या अजून धडाक्यात खपतात आणि टायफॉइडला म्हणूनच लिहिल्या जातात, हे मला आजतागायत पटलेलं नाही.

सिप्रो गेल्यावर राहिली दोनच, सेफ्ट्रियाक्झोन (आणि त्याचं तोंडानं घ्यायचं भावंड सेफिक्झिम) आणि ॲझिथ्रो. सगळा उपखंड गेली कित्येक वर्षं या दोन खांबांवर उभा आहे. आणि २०१६ च्या नोव्हेंबरात पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादला पहिला खांब पडला. तिथल्या टायफीनं बहुधा ई. कोलाय या आतड्यातल्या साध्या जंतूकडून एक प्लाझ्मिड उचललं, त्यावर सेफ्ट्रियाक्झोन तोडणाऱ्या एन्झाइमचा जीन होता. जुन्या तीन औषधांना तो जंतू आधीच रेझिस्टंट होता, आता एकूण पाच प्रकारच्या औषधांना झाला, त्याला एक्सडीआर (एक्स्टेन्सिव्हली ड्रग-रेझिस्टंट) टायफॉइड म्हणतात. २०१८ संपेपर्यंत सिंधमध्ये अशा पाच हजारांवर केसेस झाल्या. राहिलं काय, तर गोळीत ॲझिथ्रो आणि इंजेक्शनमध्ये मेरोपेनेम. तुमच्या नातेवाईकांनी ऐकलेलं मेरोपेनेम बहुधा तिकडून आलेलं.

आपल्याकडे ती सिंधची साथ तशीच्या तशी आलेली नाही. भारतातले बहुसंख्य टायफी अजून सेफ्ट्रियाक्झोनला सेन्सिटिव्ह आहेत. पण निर्धास्त राहू नका, मुंबईत सेफ्ट्रियाक्झोन-रेझिस्टंट टायफी टिकून फिरतायत असं जनुकीय अभ्यासात छापून आलंय, प्लाझ्मिड सिंधपेक्षा वेगळं, म्हणजे आपल्याकडचा प्रकार स्वतंत्रपणे तयार झालेला. गुजरातमधूनही असे रिपोर्ट आहेत. आणि ॲझिथ्रोचं बघायचं तर बांगलादेशात एका जागच्या एकाच बदलामुळे ॲझिथ्रोला दाद न देणारे टायफी सापडलेत, २०१९ मध्ये ते जाहीर झालं. तिथे प्लाझ्मिडचीही गरज पडली नाही, जंतूच्या पंपामध्ये एक अक्षर बदललं आणि औषध आत आलं की बाहेर फेकायला लागला. त्यानंतर कोव्हिडमध्ये आपण घरोघर ॲझिथ्रो वाटलं ते वेगळंच. व्हायरसला.

उलट बाजूची एक गंमत सांगते, ही लोकांना माहीत नसते. क्लोरॅम्फेनिकॉल, ॲम्पिसिलिन, को-ट्रायमॉक्सॅझोल ही जी तीन जुनी औषधं गेली म्हणत होतो, त्यांना आजचे भारतातले बहुतेक टायफी पुन्हा सेन्सिटिव्ह झालेत. टायफॉइडला ती वापरणं बंद झालं, ते जुनं प्लाझ्मिड बाळगण्याचा जंतूला फायदा उरला नाही आणि ते नसलेले जंतू पुढे गेले. आमच्या रिपोर्टमध्ये को-ट्रायमॉक्सॅझोलसमोर ‘एस’ (सेन्सिटिव्ह) येतो तेव्हा नवीन रेसिडेंट पोरं दोनदा तपासतात. म्हणून घरी जाऊन सेप्ट्रान (को-ट्रायमॉक्सॅझोलचीच गोळी) द्या असं मी म्हणत नाहीये, क्लोरॅम्फेनिकॉलचा तर बोन मॅरोवर क्वचित पण गंभीर परिणाम होतो, आणि सिंधसारखा जंतू असेल तर ही तिन्ही चालणारच नाहीत, ते कल्चर बघून डॉक्टर ठरवतील. पण सगळे रेझिस्टन्स कायमचे नसतात एवढं लक्षात ठेवा. सिप्रोचं मात्र असं परत आलेलं नाही, तो बदल जंतूच्या गुणसूत्रातच बसलाय आणि त्याला तो जड जात नाही.

आता मेरोपेनेमच लावलं तर बिघडलं कुठे, टायफॉइड असेल तर तेही मारेल ना? मारेल. पण तेही पेशीच्या आत फारसं शिरत नाही, त्यामुळे ताप चुटकीसरशी उतरेल अशी आशा नको, सिंधमध्येही मेरोपेनेमवर ताप उतरायला काही दिवस जातातच आणि साध्या केसेसना तिथले डॉक्टर ॲझिथ्रोवरच बरं करतात. आणि मेरोपेनेम दिवसातून तीनदा शिरेतून, म्हणजे आणखी आठ-दहा दिवस सलाइनची सुई, हॉस्पिटलचा मुक्काम, खर्च. त्याहून मोठा प्रश्न आतड्याचा. मुलाच्या आतड्यात अब्जावधी दुसरे जंतू आहेत, मेरोपेनेम त्यातले बहुतेक झोपवतं आणि जे मेरोपेनेमला जुमानत नाहीत त्यांना मोकळं रान मिळतं, हॉस्पिटलमध्ये तर असे क्लेब्सिएला, ई. कोलाय टपलेलेच असतात. ते लगेच आजार करत नाहीत, आतड्यात नुसते राहतात, घरच्यांमध्ये पसरतात आणि पुढे कधी ऑपरेशन झालं, लघवीचं इन्फेक्शन झालं की पुढे येतात.

हे औषध किती वेगानं जातंय त्याचा आकडा आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) रेझिस्टन्सच्या पाहणीत आहे. इमिपेनेम म्हणजे मेरोपेनेमचंच भावंड. २०१७ मध्ये मोठ्या हॉस्पिटलांतल्या ई. कोलायपैकी साधारण ८१ टक्क्यांवर ते चालायचं, २०२३ मध्ये ते ६३ टक्क्यांच्या आसपास आलं. सहा वर्षांत. यानंतर उरतं कोलिस्टिन हे जुनं अँटिबायोटिक, जे किडनीला त्रास देतं म्हणून एकेकाळी डॉक्टरांनी बाजूला ठेवलं होतं, आणि ते आपण २०१९ पर्यंत कोंबड्यांच्या खाद्यात घालत होतो. त्या वर्षी सरकारनं बंदी घातली. जगभरात २०१९ या एका वर्षात रेझिस्टंट जंतूंमुळे थेट १२.७ लाख माणसं गेली असा अंदाज लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता, त्यातले जवळजवळ तीन लाख भारतातले. हे मृत्यू टायफॉइडचे नाहीत, बहुतेक आयसीयूतले न्यूमोनिया, रक्तातली इन्फेक्शनं, नवजात बाळांचा सेप्सिस, म्हणजे जिथे मेरोपेनेमची खरी गरज होती आणि ते चाललं नाही.

तर मेरोपेनेम योग्य केव्हा? कल्चरमध्ये टायफी आला आणि सेफ्ट्रियाक्झोनसमोर ‘आर’ (रेझिस्टंट) आहे, मूल गंभीर आहे, गुंतागुंत झालीय, किंवा घरातलं कुणी नुकतं पाकिस्तानातून आलंय आणि मूल खूप आजारी आहे, तेव्हा डॉक्टर स्वतःहूनच लावतील, तुम्हाला सांगावं लागणार नाही.

रिपोर्ट आलाच तर वाचताना दोन गोष्टी. एक, त्यात सिप्रो, नॅलिडिक्सिक ॲसिड यांच्यासमोर ‘आर’ दिसला म्हणून घाबरू नका, ते आता सगळ्यांचंच असतं, तुम्ही सेफ्ट्रियाक्झोन आणि ॲझिथ्रोच्या ओळी बघा. दोन, एमआयसीचे, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं त्याचे, आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. लोक म्हणतात मॅडम सेफ्ट्रियाक्झोनचा आकडा एक आहे आणि ॲझिथ्रोचा आठ, म्हणजे ॲझिथ्रो कमजोर ना? नाही. प्रत्येक औषधाची स्वतःची रेघ वेगळी, टायफीसाठी ॲझिथ्रोची रेघ १६ वर आहे, तेव्हा आठ म्हणजे चांगलं सेन्सिटिव्ह. आणि एखाद्या लॅबनं जेंटामायसिन, अमिकासिनसमोर ‘एस’ छापला असेल तर तो विसरून जा. प्लेटवर ती औषधं टायफीला मारताना दिसतात पण माणसात चालत नाहीत, नियमाप्रमाणे ती ‘सेन्सिटिव्ह’ म्हणून छापायचीच नसतात. ज्या रिपोर्टमध्ये छापलीत त्या लॅबचं बाकीचंही मी जरा जपूनच वाचते.

तुम्ही आज करायचं ते असं. डॉक्टरांशी भांडू नका, शांतपणे विचारा की ब्लड कल्चर घेता येईल का, स्क्रब टायफस, डेंग्यू, मलेरिया बघितलंय का, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरचे रिपोर्ट काय म्हणतात, आणि सेफ्ट्रियाक्झोनचा डोस वजनाप्रमाणे बरोबर आहे ना. मग त्याला सात दिवस होऊ द्या. या काळात पोटात अचानक जोरात दुखायला लागलं, पोट फुगलं-कडक झालं, काळी किंवा रक्ताची शी झाली, मूल गुंगीत गेलं, लघवी कमी झाली तर मात्र एक मिनिट थांबू नका, टायफॉइडमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आतड्याला भोक पडू शकतं आणि तिथे सर्जन लागतो, दुसरं अँटिबायोटिक नाही. सात दिवसांनंतरही ताप तसाच असेल तर डॉक्टर पुन्हा मुळापासून विचार करतील, आजार तोच आहे का, कुठे पू साठलाय का, आणि मग औषध बदलायचं का.

दिवसांबद्दल अजून थोडं, कारण ‘कोर्स पूर्ण करा’ हे आपण सगळीकडे सरसकट म्हणतो. बऱ्याच इन्फेक्शनमध्ये आता थोडे दिवस पुरतात असं दिसलंय, साधा न्यूमोनिया पाच दिवसांत, रक्तातली पुष्कळ इन्फेक्शनं १४ ऐवजी सात दिवसांत. टायफॉइड त्यातला नाही. पेशीत लपलेला जंतू संपवायला सेफ्ट्रियाक्झोन साधारण १० ते १४ दिवस चालवतात, ताप गेला म्हणून चौथ्या दिवशी घरी नेलं की तो उलटतो.

लसीचं तुम्ही विचारलं नाहीत पण सांगते, कारण रेझिस्टन्स थांबवायला टायफॉइडमध्ये लसीइतकं चांगलं हत्यार नाही, जो टायफॉइड झालाच नाही त्याला अँटिबायोटिक लागत नाही. टायफॉइड कॉन्जुगेट लस हैदराबादच्या भारत बायोटेकची, नेपाळ आणि मलावीतल्या चाचण्यांत साधारण ऐंशी टक्के संरक्षण दिसलं. पाकिस्तानात एक्सडीआर पसरल्यावर २०१९ मध्ये सिंधमध्ये सुमारे एक कोटी मुलांना द्यायची मोहीम काढली. आणि त्याच्याही आधी, २०१८ मध्ये, आपल्या नवी मुंबई महापालिकेनं नऊ महिने ते चौदा वर्षांच्या एक लाखांवर मुलांना ती दिली होती, याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी बोलत नाही. एक डोस, सहा महिन्यांनंतर कधीही. भाच्याला बरा झाल्यावर महिना-दीड महिन्यानं, बालरोगतज्ज्ञांना विचारून, आणि घरातल्या बाकीच्या मुलांना ती आजारी नसतील तर आत्ताच. पॅराटायफॉइडवर, म्हणजे टायफीच्या भावंड जंतूंमुळे होणाऱ्या तशाच तापावर, ही लस चालत नाही, त्यामुळे पाणी उकळायचं ते उकळायचंच.

डिस्चार्ज घेताना सेफ्ट्रियाक्झोन किती दिवस झालं, डोस काय होता, पुढे तोंडानं काय आणि किती दिवस, कल्चरचं काय आलं, हे सगळं कागदावर लिहून घ्या. टायफॉइड उलटला तर बहुतेक वेळा औषध संपल्यावर दोन-तीन आठवड्यांनी उलटतो, तेव्हा समोर कदाचित दुसरे डॉक्टर असतील. त्यांना आधी हा कागद दाखवा, आणि यावेळी पहिल्या गोळीच्या आधी कल्चरची बाटली भरून घ्या.